मदत हवी आहे: दुकानातल्या महिला मॅनेजरांचं रोस्टर (इंदूर)

नमस्कार मंडळी. विजय नगर आणि राजवाडा भागातल्या कपड्यांच्या दुकानांसाठी दिवाळीआधी रोस्टर नव्याने बसवायचंय.

खरा ताण क्लोजिंगचा. रात्री १० ला शटर पडतं, पण कॅश जुळवणं, कार्ड आणि यूपीआयची बेरीज, ट्रायल रूममधले कपडे घडी घालून परत रॅकवर, यात ११ सहज वाजतात. त्याच बाईला सकाळी ९ ला किल्ली घेऊन हजर राहायचं! झोप होत नाही, मग हिशोब चुकतो आणि जाबही तिलाच.

ठरवलंय ते असं: क्लोजिंगनंतर १२ तास मोकळे, म्हणजे दुसऱ्या दिवशी ११ च्या आत येणं नाही. कॅश दोघींनी मोजायची, ८ वाजता एकदा मधली मोजणी, म्हणजे फरक कुठल्या वेळचा ते कळतं. १० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवीच. सदस्यांची नावं स्टाफ रूममध्ये लावणार.

अडतंय इथे: किल्लीवाल्या दोघीच असल्या तर एकीच्या साप्ताहिक सुट्टीला दुसरीवर ओपनिंग-क्लोजिंग दोन्ही येतं. तिसरी किल्ली सीनियर सेल्सगर्लला द्यावी का? तिजोरीची जबाबदारी लिहून कशी घ्यायची? चालू वापरातला नमुना असेल तर कृपया पाठवा.