निंजासाठी शेल फंक्शन: स्वतःचं लिहू की आयतं वापरू?

मुलुंडचा_मेकवाला

मंडळी, नमनाला घडाभर तेल नको, थेट मुद्द्यावर येतो. अंधेरीतल्या एका छोट्या कंपनीत पॅकेजिंग माझ्या गळ्यात आहे. सी++ मधले सात प्रोग्रॅम, प्रत्येकाचं डेब आणि आरपीएम (लिनक्सची दोन पॅकेज-स्वरूपं). इतकी वर्षं सगळं मेकवर, म्हणजे सोर्सपासून प्रोग्रॅम बांधणाऱ्या जुन्या टूलवर चालायचं. यंदा चार प्रोग्रॅम सीमेक (बिल्ड फाइल लिहून देणारं टूल) आणि निंजावर (ती फाइल चालवणारं, मेकच्या जागचं टूल) गेले, म्हणून मी बॅश शेलमध्ये एक हेल्पर फाइल लिहिली. तिच्यातल्या फंक्शनचं नाव ‘बांधा’ आहे, हसू नका. ते निंजा चालवतं, आउटपुट स्क्रीनवर दाखवतं आणि लॉगमध्येही टाकतं. तिथून डोकेदुखी सुरू झाली.

मेकफ्लॅग्जमध्ये (मेकचे पर्याय ठेवायचं व्हेरिएबल) -जे ४, म्हणजे एका वेळी चारच कामं, असं लिहिलंय, पण निंजा ढिम्म ऐकत नाही. बिल्ड मशीन ८ कोअरचं, रॅम १६ जीबी. लिंकिंगला (कंपाइल झालेले तुकडे जोडून बायनरी करायला) आलं की मशीन गुदमरतं आणि कंपायलर ‘किल्ड’ म्हणून मरतो.

दुसरं जास्त गंभीर. गेल्या आठवड्यात बिल्ड पडला, तरी पॅकेज तयार झालं! आत आधीची बायनरी तशीच. ते ग्राहकाकडे गेलं आणि घाटकोपरला मेट्रोतून उतरून मी स्लोमध्ये घुसत असताना साहेबांचा फोन. पुढचं सांगत नाही.

शिवाय मेकला डेस्टडिर (कुठल्या फोल्डरखाली इन्स्टॉल करायचं ते) द्यायचो तसं निंजाला दिलं तर ‘असं टार्गेटच नाही’ म्हणतो.

कुणाकडे घासूनपुसून तयार असलेलं फंक्शन आहे का? की दुसरं काही सुचवाल?

डॅशपंथी

निंजा मेकफ्लॅग्जमधला -जे चा आकडा वाचतच नाही, त्यामुळे तो तुमचं ऐकत नाही यात नवल नाही. मेक १९७६ सालचा, बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलेला. निंजा त्याच्या नातवाच्या वयाचा. इव्हान मार्टिन यांनी गूगलमध्ये क्रोमियमसाठी तो केला, आणि हेतू एकच होता: वेग. माणसाने हाताने फाइल लिहावी ही अपेक्षाच नाही, ती सीमेक किंवा मेसॉनने लिहून द्यायची. मेकला काही सांगितलं नाही तर तो एका वेळी एकच काम करतो. निंजाला काही सांगितलं नाही तर तो कोअर अधिक दोन एवढी कामं काढतो. म्हणजे तुमच्याकडे १०. सी++ची एकेक जड फाइल दीड-दोन जीबी सहज खाते, आता गुणाकार करा.

डेस्टडिरचंही तेच. मेकमध्ये कमांडच्या पुढे लिहिलेलं ‘नाव = किंमत’ हे व्हेरिएबल असतं. निंजा पुढे लिहिलेलं सगळं टार्गेट समजतो. त्यामुळे डेस्टडिर कमांडच्या आधी, एन्व्हायर्नमेंटमध्ये द्या.

चाळकरी_००७

बिल्ड पडूनही पॅकेज झालं म्हणताय, तर आउटपुट पाइप करून ‘टी’ला (स्क्रीन आणि फाइल दोन्हीकडे पाठवणारी कमांड) देताय ना? पाइपलाइनचा एक्झिट कोड (शून्य म्हणजे यश) शेवटच्या कमांडचा असतो. निंजा आपटला तरी ‘टी’ने आपलं काम चोख केलेलं असतं, म्हणून शून्य. फाइलच्या डोक्यावर पाइपफेल चालू करा, म्हणजे मधली कमांड आपटली तरी पाइपलाइन पडली असं धरलं जातं.

मुलुंडचा_मेकवाला

@चाळकरी, हो, टीच आहे. पण सेट -ई (कमांड पडली की स्क्रिप्ट थांबवणारा पर्याय) पण आहे हो वर! आणि आता पाइपफेल टाकून पाहिलं, तरी एका स्क्रिप्टमध्ये गाडी पुढेच जाते.

चाळकरी_००७

त्या स्क्रिप्टमध्ये फंक्शन कसं बोलावलंय ते बघा. ‘बांधा’च्या पुढे दोन उभ्या रेघा देऊन काही लिहिलंय, किंवा ते इफच्या आत आहे? तसं असेल तर फंक्शनच्या आत सेट -ई झोपी जातं. आतली कुठलीही ओळ पडली तरी पुढची ओळ चालते, आणि शेवटची ओळ ‘बिल्ड संपला’ छापणारी असली की झालं, सगळं आलबेल. हे बॅशचं बग नाही, पॉझिक्स या शेलच्या मानकातच तसं लिहिलंय. आमच्याकडे यापायी एक अख्खा शनिवार गेलाय.

अजून एक चोर सांगून ठेवतो. फंक्शनमध्ये लोकल व्हेरिएबल जाहीर करता करताच त्यात एखाद्या कमांडचं उत्तर भरलंत, तर त्या कमांडचा एक्झिट कोड ‘लोकल’ गिळतो. आधी लोकल लिहा, किंमत खालच्या ओळीत भरा.

मुलुंडचा_मेकवाला

इफच्या आतच आहे. 🙏 आणि शेवटची ओळ खरंच ‘बिल्ड संपला’ आहे. कॅमेरा लावलाय का माझ्या क्युबिकलमध्ये?

जेंटूवाली_ताई

स्वतःचं लिहायचंच असेल तर कोरी फाइल उघडण्याआधी जेंटू लिनक्सचं निंजा-युटिल्स इक्लास (पॅकेज बांधायच्या सामायिक फंक्शनची फाइल) वाचा. त्यात ई-निंजा नावाचं फंक्शन आहे. लहानसं आहे, पण अनेक वर्षांचे चटके त्यात आहेत. निंजाऑप्ट्स हे व्हेरिएबल दिलं असेल तर ते वापरतं. नसेल तर मेकऑप्ट्समधून किती कामं आणि लोड किती हे दोन आकडे उपसून निंजाच्या भाषेत देतं. तुम्हाला नेमकं हेच हवंय. बाकीचे मेकचे पर्याय आंधळेपणाने पुढे ढकलत नाही, कारण अक्षर तेच असलं तरी अर्थ बदलतो. मेकचा -के म्हणजे चूक झाली तरी चालू ठेव. निंजाच्या -के ला आकडा लागतो: किती चुका होईपर्यंत.

दुसरं म्हणजे ते व्हर्बोज चालवतं. निंजा एरवी एकाच ओळीवर आकडा फिरवत बसतो. रात्रीचा बिल्ड पडला की सकाळी लॉगमध्ये पूर्ण कंपायलर कमांड हवी असते, आकडे नकोत.

तिसरं, पडलं तर ते स्वतःच मरतं, बोलावणाऱ्याच्या भरवशावर राहत नाही. पूर्वी जेंटूत ई-मेकच्या (मेक चालवणारं तसंच फंक्शन) प्रत्येक ओळीपुढे ‘नाहीतर मर’ असं हाताने लिहावं लागायचं, आणि माणूस म्हटला की विसरणारच. ईएपीआय ४ (जेंटूच्या पॅकेज-नियमांची आवृत्ती) पासून ई-मेक आपणहून मरतं. तुमच्या ‘बांधा’तही निंजा पडला की संदेश छापून थेट एक्झिट करा, रिटर्न नको. मग इफच्या आत बोलवा नाहीतर पाताळात. फक्त एक पथ्य: गोल कंसातल्या सबशेलमध्ये किंवा पाइपच्या आत बोलावू नका, तिथे एक्झिटने फक्त तो सबशेल मरतो.

आणि फंक्शनला आलेले आर्ग्युमेंट पुढे देताना डबल कोटमध्ये डॉलर-ॲट. डॉलर-स्टार नाही. एखाद्या पाथमध्ये स्पेस आली की कळेल.

पॅकेजपाटील

मी जरा उलटं बोलतो. फंक्शन लिहूच नका.

डेबियनमध्ये डेब कसं बांधायचं ते सांगणारी रूल्स फाइल मुळात मेकफाइल असते. तिच्यातली प्रत्येक ओळ वेगळ्या शेलमध्ये चालते, आणि तो शेल बॅश नसून डॅश असतो, ज्याला ॲरे कळत नाहीत. तुमच्या फाइलमध्ये ॲरे असतील तर तिथेच फेफरं येईल. त्यापेक्षा डेबहेल्परला (डेब बांधायची आयती टूल्स) बिल्डसिस्टिम ‘सीमेक+निंजा’ सांगा. डेब-बिल्ड-ऑप्शन्समधला पॅरलल आकडा तोच निंजाला देतो, व्हर्बोजही करतो, डेस्टडिरही बघतो. आरपीएमच्या स्पेकमध्ये (तिथली रूल्ससारखी फाइल) सीमेक-बिल्ड आणि सीमेक-इन्स्टॉल ही मॅक्रो आहेत, आकड्यासाठी आरपीएम-बिल्ड-एनसीपीयूज.

दोन्हीकडे एकच कमांड हवी असा हट्ट असेल तर सीमेकचं स्वतःचं ‘--बिल्ड’ आहे. खाली मेक असो वा निंजा, त्याला फरक पडत नाही. ३.१२ पासून त्याला थेट -जे देता येतं किंवा सीमेक-बिल्ड-पॅरलल-लेव्हल एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवता येतं. ३.१५ पासून ‘--इन्स्टॉल’ही आहे. तुमचं ‘बांधा’ आधीच कुणीतरी बांधून ठेवलंय, साहेब.

जेंटूवाली_ताई

@पाटील, मान्य. पण त्यांचे तीन प्रोग्रॅम अजून मेकवर आहेत, त्यांना सीमेक काय उपयोगाचं?

पॅकेजपाटील

त्यांनाही डेबहेल्पर चालतोच की. आरपीएममध्ये मेक-बिल्ड मॅक्रो. फंक्शनची हौस असेल तर आपल्या लॅपटॉपवर चाचणीपुरतं ठेवा, ग्राहकाला जाणाऱ्या पॅकेजमध्ये नको.

डॅशपंथी

रॅमचं राहिलंच. -जे ४ केलं तरी चार लिंकर एकदम उठले तर मशीन पुन्हा झोपेल. निंजात त्यावर ‘पूल’ आहे. सीमेकमध्ये जॉब पूल जाहीर करून लिंकिंगला एक किंवा दोनची मर्यादा घाला. कंपाइल आठ हातांनी चालू दे, लिंकिंग एकेक. बोरिवलीच्या तिकीट खिडकीसारखं: फलाटावर कितीही गर्दी असो, खिडकीपुढे एकच माणूस. -एल ने लोडवर मर्यादा घालता येते, पण बिल्ड कंटेनरमध्ये असेल तर तो आकडा सहसा अख्ख्या होस्टचा दिसतो, त्यावर फार विसंबू नका.

मेकच्या आतून निंजा बोलवत असाल तर वेगळं दुखणं: दोघेही आपापली फौज काढतात. निंजा १.१३ पासून तो मेकच्या जॉबसर्व्हरकडून (एकूण कामांची मर्यादा सगळ्यांत वाटून देणारा) टोकन घेतो, पण त्यासाठी मेक ४.४ किंवा नवा हवा.

मुलुंडचा_मेकवाला

मंडळी, काल रात्री बसलो. डेबसाठी डेबहेल्पर, आरपीएमसाठी मॅक्रो, लिंकिंगचा पूल १. सर्वात मोठा प्रोग्रॅम आधी मध्येच मरायचा, आता ३८ मिनिटांत पूर्ण होतो आणि मशीनवर ईमेलही उघडतं. मुद्दाम एक सेमिकोलन खाऊन पाहिला, पॅकेज झालं नाही. इतका आनंद एरर बघून कधी झाला नव्हता.

‘बांधा’ लॅपटॉपवर ठेवलंय, ताईंच्या सांगण्याप्रमाणे एक्झिट टाकून. फक्त ते टर्मिनलमध्ये सोर्स करून चालवलं की बिल्ड पडताच टर्मिनलच बंद होतं. 😅

जेंटूवाली_ताई

होणारच, तो तुमचाच शेल आहे. लॅपटॉपवर सोर्स करू नका, स्क्रिप्ट म्हणून चालवा.