कॅरिबियन क्रूझ आणि स्कूबा शिकणं: तुमचे अनुभव सांगा

गॅल्व्हस्टनकर

नाताळच्या सुट्टीत आम्ही चौघं गॅल्व्हस्टनहून सात रात्रींच्या क्रूझवर जाऊन आलो. होंडुरासचं रोआतान, बेलीझ, मेक्सिकोचं कोझुमेल. निघण्याआधी मराठीत कुणी काही लिहिलंय का ते शोधलं, तर सापडलं ते सगळं 'डोळ्यांचं पारणं फिटलं' छापाचं. पारणं फिटतंच, वाद नाही. पण बोटीतून उतरून पाच-सहा तासांत पाण्याखाली जाऊन परत यायचं, तेही पोहणं बेताचंच येत असताना, हे जमवायचं कसं, ते कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा. जमलेलं लिहा, फसलेलं तर जरूर लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. मला वाटायचं, बोटीवर नाव नोंदवलं की स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली फिरणं, शिकवतात. बोटीच्या सहलींच्या यादीत असते ती बहुतेक वेळा नुसती तोंडओळख. अर्धा-पाऊण तास समजावून सांगतात, उथळ पाण्यात दोन-तीन गोष्टी करून घेतात आणि मग प्रशिक्षक जवळजवळ बखोटीला धरूनच फिरवून आणतो, जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंत. मजा येते, पण त्याने कुणी डायव्हर होत नाही. 'ओपन वॉटर'चं कार्ड, म्हणजे डायव्हरचं पहिलं प्रमाणपत्र, हवं असेल तर थिअरी, पोहण्याच्या तलावातले धडे आणि समुद्रातल्या चार डाइव्ह लागतात, आणि त्या चार एका दिवसात उरकता येत नाहीत. इकडे बोट एका बेटावर एकच दिवस थांबणार.

यावर तोडगा म्हणजे 'रेफरल'. थिअरी आणि तलाव घरी, समुद्र तिकडे. मी ह्यूस्टनला ऑक्टोबर-नोव्हेंबरात शनिवार-रविवार घालवून पहिला भाग संपवला, कागद सोबत नेले आणि दोन डाइव्ह रोआतानला, दोन कोझुमेलला केल्या. दोन्हीकडच्या दुकानांना दोन महिने आधी ईमेल करून बोट कधी लागते, कधी सुटते ते कळवून ठेवलं होतं. हे कागद साधारण वर्षभर चालतात, त्यामुळे तलाव उन्हाळ्यात आणि क्रूझ डिसेंबरात असंही करता येतं.

सगळ्यात अवघड काय गेलं? समुद्र नाही, तलाव. तळाशी गुडघ्यांवर बसून मास्क पूर्ण काढायचा, परत घालायचा आणि आतलं पाणी नाकाने बाहेर ढकलायचं. मी तीन वेळा वर पळाले. नाकात पाणी गेलं की बुद्धी चालतच नाही, तोंडात हवेची नळी आहे हे विसरायला होतं. प्रशिक्षक बिचारा 'नाकातून श्वास सोड, मान वर कर' एवढंच परत परत सांगत होता. रात्री घरी बसून विचार केला तेव्हा लक्षात आलं की हा तर ओंकारातला मकार! ओठ मिटून 'म्‌म्‌म्' करत राहिलं की हवा नाकातून जातेच. दुसऱ्या दिवशी पाण्याखाली मकार लावला आणि मास्क रिकामा झाला. शाळेतल्या प्रार्थनेचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

रोआतानला पहिल्याच डाइव्हमध्ये हातांकडे लक्ष गेलं. निघताना लावलेलं लालभडक नेलपॉलिश काळपट दिसत होतं. पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं, हे थिअरीत पाठ केलं होतं, पण स्वतःची नखं तशी दिसेपर्यंत ते नुसतं वाक्य होतं. प्रशिक्षकाने टॉर्च मारला, पुन्हा लाल.

कोझुमेलचा प्रकार वेगळाच. तिथे प्रवाह असतो आणि त्याच्यासोबत नुसतं वाहत जायचं. पालांकारच्या प्रवाळांच्या भिंती बाजूने सरकत जातात, आपण एसटीच्या खिडकीत बसल्यासारखे. वर बोट आपल्या बुडबुड्यांच्या मागे येते. थांबून एखादी गोष्ट नीट बघावी म्हटलं तर ती तोवर मागे गेलेली असते. मला ते आवडलं, नवऱ्याला नाही.

---

विहिरीतला बेडूक

वय ६१, मूळ सांगली जिल्हा, सध्या मुलाकडे न्यू जर्सीत. पोहायला शिकलो ते पाठीला पत्र्याचा डबा बांधून. डबा सुटला त्या वर्षापासून आमचा एकच खेळ: एका दमात विहिरीचा तळ गाठायचा आणि मूठभर गाळ वर आणून दाखवायचा. दम धरण्यात मी आळीत पहिला होतो, आणि त्याचा गर्व अजून आहे.

सेंट थॉमस बेटावर कोकी बीचला मुलाने माझं नाव घातलं. पंचेचाळिशीच्या पुढच्यांना वैद्यकीय फॉर्ममध्ये जास्तीचे प्रश्न असतात, म्हणून आम्ही घरूनच डॉक्टरांची सही घेऊन गेलो होतो. किनाऱ्यावरून चालतच पाण्यात शिरायचं, होडीची भानगड नाही. चार मीटरवर गेलो असेन, तेवढ्यात पोरीने (प्रशिक्षक होती, माझ्या नातीपेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठी) माझा दंड पकडला आणि स्वतःच्या तोंडासमोर बोटांनी बुडबुडे काढून दाखवले. मला कळेना. मग कळलं की माझ्या तोंडातून बुडबुडेच येत नव्हते. पन्नास वर्षांची सवय! पाण्यात डोकं गेलं की छाती आपोआप बंद.

स्कूबाचा पहिला नियम नेमका उलटा: दम कधीच धरायचा नाही. वर आल्यावर तिने कारण सांगितलं. दहा मीटरवर दाब दुप्पट असतो. तिथे टाकीतून छातीभर हवा घेतली आणि ती कोंडून वर आलात, तर तीच हवा फुगून दुप्पट जागा मागते. फुप्फुस फाटू शकतं. विहिरीत हा धोका नव्हता, कारण हवा वरूनच घेतलेली, ती खाली आवळायची आणि वर येताना मूळ मापावर यायची. निवृत्त फिजिक्स मास्तर आहे मी. बॉइलचा नियम तीस वर्षं फळ्यावर लिहिला, आणि तो मला एका मुलीने दंड धरून शिकवला.

दुसऱ्या खेपेला श्वास चालू ठेवला. मग कानांवर आलं काहीतरी, कुणीतरी शेजारी बसून फुटाणे खातंय असं. पोपटासारखी चोच असलेले मासे प्रवाळ कुरतडत होते. तिकडच्या पांढऱ्या वाळूतली बरीचशी यांच्या पोटातून आलेली असते म्हणे. त्या वाळूत मी सकाळी उताणा पडून राहिलो होतो.

---

आळशी प्रवासी

डाइव्ह उत्तम झाली. बोट जवळजवळ चुकली. जुलै महिना, मायामीहून निघालेलो. कोझुमेलला उतरल्यावर फोनने गुपचूप तिथली वेळ घेतली. तो भाग वर्षभर घड्याळ बदलत नाही, आणि उन्हाळ्यात मायामीच्या एक तास मागे असतो. बोट मात्र मायामीच्या वेळेवर चालली होती. आम्ही फोनमध्ये पावणेतीन बघून निवांत टाको खात होतो, बोटीवर पावणेचार झाले होते आणि सगळ्यांनी चारच्या आत परतायचं होतं. टॅक्सीवाल्याने आमचे चेहरे बघितले आणि काही न विचारता गाडी पिटाळली. धक्क्यावर आम्ही धावतोय आणि वरच्या डेकवरून लोक टाळ्या वाजवतायत. तो त्यांचा रोजचा करमणुकीचा कार्यक्रम असतो, हे नंतर कळलं. साधं काट्याचं घड्याळ घ्या, बोटीच्या वेळेवर लावा आणि त्याला हात लावू नका.

---

नाशिकची मावशी

माझं फसलेलं. बीपीची गोळी चालू आहे. फॉर्मवर तसा प्रश्न होता. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "नाही लिहा हो, कोण बघतंय!" मी 'हो' लिहिलं. डॉक्टरांचं पत्र नव्हतं, त्यामुळे पाण्यात सोडलं नाही, आणि पैसे परत मिळाले नाहीत. ही अट बुकिंगच्या वेळी सांगायला काय झालं होतं, हा प्रश्न मी त्यांच्या काउंटरवर मराठी टोनमधल्या इंग्रजीत विचारला. उपयोग शून्य. त्यामुळे विहिरीतले बेडूककाका करून गेले तेच करा, पत्र घरूनच न्या.

पण पुढच्या दिवशी ग्रँड केमन होतं. तिथे मोठी बोट धक्क्याला लागत नाही, बाहेर नांगर टाकून छोट्या होड्यांनी नेतात, म्हणजे वेळेत अजून कपात. आम्ही स्टिंगरे सिटीला गेलो. समुद्राच्या मधोमध वाळूचा उंचवटा, पाणी कमरेपर्यंत, आणि पायांशी घोंगडीएवढे पाकट मासे. पूर्वी कोळी इथे होड्या थांबवून मासे साफ करायचे आणि घाण पाण्यात टाकायचे, त्या खाण्याला हे मासे सोकावले ते आजतागायत. पाय उचलून टाकायचा नाही, वाळूत घासत चालायचं, म्हणजे अंगावर पाय पडत नाही आणि शेपटीचा काटा बसत नाही. एक पाकट माझ्या पोटरीला घासून गेला. ओल्या मखमलीसारखा, नाहीतर आंबोळीच्या भिजवलेल्या पिठात हात घातल्यासारखा. मी किंचाळले, आणि मग अर्धा तास तिथून हलले नाही.

---

तळ्यात मळ्यात

माझं दोन ओळींत. सर्दी होती, तरी गेले. तीन मीटरवर कान ठणकला, मी नाक दाबून जोर लावला, अजून ठणकला. वर आले तर मास्कमध्ये रक्त. कान दुखायच्या आधीपासून, थोडं थोडं खाली जात मोकळे करायचे असतात. दुखल्यावर जोर लावायचा नसतो. उरलेली क्रूझ चित्रकलेच्या वर्गात काढली. वाईट नव्हती.

---

देवगडचो झील

मी दुसऱ्या बाजूचा माणूस. सात वर्षं क्रूझवर, किचनात. सगळ्यांचे अनुभव वाचून हसलो, कारण कोझुमेलला मी चाळीसेक वेळा तरी गेलोय आणि त्यातले निम्मे दिवस बंदर फक्त दारातून दिसलं. ड्यूटी दोन पाळ्यांत, मधल्या तीन तासांत आमच्यातले बरेच जण धक्क्याजवळच्या वायफायवाल्या दुकानात घरच्यांशी बोलत बसलेले असतात. गोव्याचे, रत्नागिरीचे, आमच्या सिंधुदुर्गाचे पुष्कळ आहेत. तुम्हाला जेवण वाढणाऱ्याच्या नावाच्या पट्टीवर फर्नांडिस किंवा सावंत दिसला तर मराठीत बोलून बघा, दुसऱ्या दिवशी वरणभाताची सोय होते. आधीच्या रात्री हेड वेटरला सांगायचं, ऐनवेळी नाही. जैन जेवणाचंही तसंच. लोणचं सोबत आणा, आमचं लोणचं भयंकर असतं.

आणि स्कूबा? एका काँट्रॅक्टनंतर सुट्टीवर आलो तेव्हा केली, तारकर्लीला. एमटीडीसीचं प्रशिक्षण केंद्र आहे तिथे. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "बुडूक पैशे कित्याक मोजूचे?" तिचे वडील रापणीवाले. तिच्या लेखी समुद्राच्या आत बघण्यासारखं जे काही आहे ते जाळ्यात वर येतंच.

---

जुना डायव्हर, टोरांटो

मी २००४पासून जातोय, बहुतेक कोझुमेल आणि बोनेर. बोनेर बेटावर क्रूझ थांबते तेव्हा जरूर उतरा. १९७९पासून किनाऱ्यालगतचा सगळा समुद्र राखीव आहे, आणि रस्त्याच्या कडेला पिवळे रंगवलेले दगड दिसतात. दगड दिसला की गाडी लावायची आणि चालत पाण्यात शिरायचं. हातमोजे घालायला मनाई आहे, कारण मोजे असले की माणूस प्रवाळाला हात लावतो.

नव्यांना कौतुक वाटतं ते वाटू द्या, पण मला जुनं आठवतं. कोझुमेलला २०१८मध्ये प्रवाळांचा एक रोग पोचला, फ्लोरिडात २०१४मध्ये पहिल्यांदा दिसलेला. मेंदूसारख्या घड्या असलेले मोठे प्रवाळ आठवड्यांत पांढरे पडून मेले. ओळखीचा एक प्रवाळ होता, दरवर्षी त्याला भेटून यायचो. त्या वर्षानंतर त्याच्या जागी शेवाळ आलेला गोटा. मग २०२३चा उन्हाळा, पाणी इतकं तापलं की कॅरिबियनभर प्रवाळ पांढरेफटक झाले. सनस्क्रीन चोपडून पाण्यात उतरू नका, लांब बाह्यांचा स्विमशर्ट घाला.

आणि तपकिरी-पांढऱ्या पट्ट्यांचा, पिसारा फुलवलेला लायनफिश दिसला तर तो सुंदर आहे म्हणून फोटो काढा, पण तो तिथला नाही. आपल्या हिंदी महासागरातला आणि प्रशांतातला. कॅरिबियनमध्ये त्याला खाणारं फारसं कुणी नाही, तो मात्र सगळ्यांची पिल्लं खातो. म्हणून डायव्हर त्याला भाल्याने मारतात आणि हॉटेलं तळून वाढतात. काटे विषारी, मांस नाही. चवीला बराचसा हलवा माशासारखा.

---

गॅल्व्हस्टनकर

वा, भरून पावले! व्हिसाचंही सांगून ठेवते. आमच्या पासपोर्टवर चालू मुदतीचा, अनेकदा प्रवेश देणारा अमेरिकेचा व्हिसा होता, त्यामुळे मेक्सिकोसाठी वेगळा लागला नाही. पण बाकी प्रत्येक बेटाचे नियम वेगळे. मुदत संपलेला शिक्का आणि नुसते ऑफिसचे कागद यांच्या भरवशावर बुकिंग करू नका, आधी वकिलाला विचारा. आणि शेवटच्या बंदरानंतर समुद्रावरचा एक पूर्ण दिवस असेल अशी क्रूझ निवडा. एकापेक्षा जास्त डाइव्ह झाल्या की विमानात बसायच्या आधी निदान १८ तास जावे लागतात, ते बोटीवरच जातात.

झीलदादा, तारकर्लीला कधी यावं? पुढच्या वर्षी भारतात येतोय.

---

देवगडचो झील

ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात बंद असतं. दिवाळीनंतर आलात तर बरं. ताई, एक सांगतो, कोझुमेलचा निळा रंग तिकडेच ठेवून या. आमचं पाणी हिरवं, कधी पाच मीटरवरचं दिसतं, कधी दोनवरचंही नाही. टोरांटोवाल्या काकांचा लायनफिश मात्र इथे घरचा आहे, त्याला कुणी भाला मारत नाही.