दमट हवेतला पहिला उन्हाळा : तुमचे अनुभव सांगा

कोरडवाहू
काल रात्री भाचीचा फोन आला. नोकरीसाठी समुद्रकाठी राहायला जाऊन तिला नऊ दिवस झालेत. आवाज रडवेला. "मावशी, इथं फक्त ३२ आहे गं. घरी ४२ मध्ये भर दुपारी गाडी चालवायचे मी. मग इथं दोन जिने चढले की डोळ्यांपुढे अंधारी का येते?"

तिला धीर देता देता माझाच बावीस वर्षांपूर्वीचा उन्हाळा आठवला. मीही अशीच कोरड्या मुलखातून लग्न होऊन दमट हवेत आले होते. पहिली आठवण टॉवेलची. सकाळी दोरीवर टाकला, संध्याकाळी हात लावला तर तसाच गार, ओलसर. मला वाटलं कुणीतरी वापरला. माहेरी टॉवेल अर्ध्या तासात असा कडक वाळायचा की दोरीवरून काढला तरी मधोमध दुमडलेलाच राहायचा.

आईनं हौसेनं माठ दिला होता बरोबर. माठ पाझरायचा, खाली पाण्याचं थारोळं व्हायचं, आणि आतलं पाणी मात्र कोमट. मी आईला फोनवर सांगितलं, माठ खराब निघाला. माठ चांगलाच होता. बाहेरचा पाझर वाळेल तेव्हाच आतलं पाणी गार होतं, आणि त्या हवेत तो वाळतच नव्हता. माझ्या अंगाचंही तेच चाललंय हे कळायला मला अख्खा महिना लागला.

भाचीला वाटतंय आपली तब्येतच कमी पडतेय. मलाही तेव्हा तसंच वाटायचं, आणि सांगायची लाज वाटायची. म्हणून हा धागा काढला. हवा बदलली तेव्हा पहिला उन्हाळा कसा काढलात? लिहा, मी तिला वाचायला देणार आहे.

रानजाई
माठाचं अगदी अगदी! आमचा कूलर. सामानाच्या गाडीत जागा नसताना कोंबून आणलेला. पहिल्या रात्री लावला, सकाळी चादर पिळावी अशी झाली होती. कूलर हवेत पाणीच सोडतो ना. कोरड्या हवेत तेच पाणी वाळताना गारवा देतं, इथं नुसती भर. दुसऱ्या दिवशी माळ्यावर गेला तो.

नवखा
मी सध्या यातूनच जातोय. पाचवा दिवस. बसतो धाग्यावर.

तिन्हीसांज
भाचीला सांगा तापमानाचा आकडा सोड, हवामानाच्या ॲपमध्ये दवबिंदू बघ. हवा किती गार केली की दव धरेल, तो हा आकडा. २१ च्या वर गेला की चिकचिक सुरू, २४ च्या वर बसल्या जागी घामाच्या धारा.

आर्द्रतेचा टक्का नवीन माणसाला चकवतो. पहाटे ९० दिसतो, दुपारी ६०. वाटतं हवा कोरडी झाली. हवेतलं पाणी जवळपास तेवढंच असतं, हवा तापली म्हणून टक्का उतरतो. मी वर्षभर "दुपारी कोरडं असतं" म्हणून दुपारी धावायला जायचो आणि हाल करून घ्यायचो.

आणि ३२ अंशांना ७० टक्के आर्द्रता असेल तर सावलीतसुद्धा अंगाला साधारण ४१ सारखं जाणवतं. तिची तक्रार खरी आहे. नाजूकपणा वगैरे काही नाही.

कोरडवाहू
@तिन्हीसांज हे आत्ताच्या आत्ता पाठवलं तिला. ४१ वाचून रडायची थांबली म्हणाली. खरंच आभार.

सुईदोरा
रात्रपाळी करून आलेय, चुका झाल्या तर सांभाळून घ्या. मी परिचारिका आहे, आणि दर उन्हाळ्यात नव्यानं आलेली माणसं आमच्याकडे येतातच.

घाम येणं म्हणजे अंग गार होणं नव्हे. घाम *वाळला* तर अंग गार होतं. एक लिटर घाम वाळताना अंगातली ५८० किलोकॅलरीच्या आसपास उष्णता घेऊन जातो. तोच हनुवटीवरून टपकून खाली पडला तर जवळजवळ काहीच नेत नाही, उलट पाणी आणि मीठ तेवढं जातं. म्हणून दमट हवेत माणूस भिजतो जास्त आणि गार होतो कमी. अंगावर वारं लागलं पाहिजे. पंखा छताला असून भागत नाही, अंगावर यायला हवा.

पण शरीर शिकतं हो! रोज थोडं थोडं त्या हवेत वावरलं तर साधारण एक ते दोन आठवड्यांत घाम लवकर सुटायला लागतो, त्यातून मीठ कमी जातं, रक्तातलं पाणी वाढतं, हृदयाची धडधड कमी होते. नऊ दिवस म्हणजे निम्मा घाट चढून झाला. मात्र पूर्ण वेळ एसीत बसलं तर शरीराला शिकायला मिळतच नाही. आणि मध्ये काही आठवडे गावी जाऊन आलात तर बरंचसं पुन्हा पहिल्यापासून.

अंधारी, मळमळ, डोकं दुखणं, पायात गोळे आले की काम तिथंच थांबवायचं, सावलीत पडायचं, पाणी प्यायचं. पण माणूस बरळायला लागला, असंबद्ध बोलू लागला किंवा शुद्ध हरपली तर एक मिनिट दवडू नका. अंगावर पाणी ओता, वारा घाला, मदत बोलवा. वाट बघत बसायचं नाही. हे मी ओरडून सांगते सगळ्यांना.

चला, डोळे मिटतायत.

रानजाई
झोपा ताई. फार मोलाचं लिहिलंत.

पहारी
बांधकामावर मुकादम होतो. नवा गडी आला की पहिल्या दिवशी पाचव्या हिश्श्याचंच काम द्यायचो. दुसऱ्या दिवशी दोन हिस्से, असं चढवत पाचव्या दिवशी पुरं. ही २० टक्क्यांची रीत उन्हातल्या कामासाठी मान्य आहे. तरणे गडी चिडायचे, म्हणायचे आम्हाला काय समजता. मीही एकदा ऐकलं एकाचं. कोरड्या भागातला, अंगानं दणकट, "मला ऊन नवीन नाही" म्हणाला. दुपारी दीड वाजता तो विटांच्या ढिगाला टेकला आणि मला माझ्या नावाऐवजी त्याच्या थोरल्या भावाच्या नावानं हाक मारायला लागला. तेवढ्यानं कळलं. पिंपातलं पाणी त्याच्यावर उपडं केलं. वाचला. त्यानंतर कुणाचंही ऐकलं नाही.

नवखा
वाचून काटा आला. उद्यापासून पायी ऑफिस बंद, आठवडाभर तरी.

पहाटपक्षी
मी उलटी गेले. दमट हवेत जन्मले आणि लग्नानंतर कोरड्यात. पहिल्या आठवड्यात ओठ फुटून रक्त, नाकाचा घोळणा फुटला, रात्री घशाला कोरड. घाम येत नाही म्हणून मी खूश होते! येत होता, पण दिसायच्या आत वाळत होता. संध्याकाळी काळ्या कुडत्याच्या पाठीवर मिठाची पांढरी रेघ दिसली तेव्हा कळलं. तिथं तहान लागायच्या आधी पाणी प्यायला शिकले.

पण मला आजही माझी ती चिकट हवाच आवडते. गावी पोचून दार उघडलं की पहिला ओलसर श्वास आत जातो ना, तेव्हा घरी आल्यासारखं वाटतं.

ठेका
माझं थोडं विषयांतर होईल. माझ्याआधी माझ्या तबल्याला कळलं की हवा बदलली. उघडून बसलो तर पुडी, म्हणजे वरचं चामडं, अशी सैल, बोट ठेवलं की दबल्यासारखं. सूर चांगलाच उतरलेला. बाजूचे लाकडी गठ्ठे ठोकून चढवला, अर्ध्या तासात पुन्हा खाली. चामडं हवेतलं पाणी ओढतं. मग एसी लावलेल्या सभागृहात वाजवायला गेलो तर उलटं, वाजवता वाजवता चढत गेला. आता पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो आणि कार्यक्रमाच्या तासभर आधी वाद्य त्या खोलीत नेऊन उघडं ठेवतो. त्यालाही हवा ओळखीची व्हावी लागते.

कोरडवाहू
"त्यालाही हवा ओळखीची व्हावी लागते." किती छान लिहिलंत.

अडगळ
तबल्याचं निघालंच आहे तर, पेटीच्या पट्ट्या अडकतात त्यावर काही उपाय?

ठेका
@अडगळ तेल अजिबात घालू नका. लाकूड फुगलेलं असतं. कोरड्या खोलीत दोन-तीन दिवस ठेवून बघा, बऱ्याचदा आपोआप सुटतात. नाही सुटल्या तर कारागिराकडेच न्या, घरी घासायला जाऊ नका.

शाईचे बोट
छपाईत तीस वर्षं काढली. कागद ताणला जातो दमट हवेत, दुसरा रंग पहिल्यावर बसतच नाही, चित्रातल्या बाईचे ओठ गालावर जातात. एसीचा जन्म याच दुखण्यातून झाला. १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी विलिस कॅरियर यांनी यंत्र आखलं ते हवेतला ओलावा ताब्यात ठेवायला. माणसांना गार वाटावं हा हेतू नव्हता. थंड नळ्यांवर हवेतलं पाणी धरायचं आणि काढून टाकायचं.

म्हणून सांगतो, एसी घेताना खोलीला झेपेल तेवढाच घ्या. फार मोठा घेतला तर खोली पटकन गार करून बंद पडतो, पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही. मग गार आणि चिकट अशी विचित्र खोली होते. ड्राय मोड असेल तर उकाड्याच्या ढगाळ दिवशी तो लावा.

रानजाई
काका, आमच्या ऑफिसात अस्संच आहे! अंगावर शाल आणि मानेवर घाम. आता कळलं.

झिपरी
केसांवर कुणीच कसं बोललं नाही 😀 सरळ केस घेऊन गेले, आठ दिवसांत झुडूप. दमट हवेत केस लांबतात हे खरंय. १७८३ मध्ये सोस्यूर या शास्त्रज्ञानं माणसाचा केस वापरूनच आर्द्रता मोजायचं यंत्र केलं होतं. हे वाचल्यापासून मी केसांवर चिडणं सोडलं. सैल वेणी, बास.

पहाटपक्षी
@झिपरी माझे कोरड्या हवेत चपट्ट होतात गं, कंगवा लावला की तडतडतात. बदलूया का हवा?

झिपरी
आत्ता लगेच ये!

वाळवण
कुकरच्या शिट्ट्या मोजत लिहितेय. आमच्याकडे लेकीला घामोळं. सात महिन्यांची होती, मानेच्या वळीत लालभडक पुटकुळ्या. मी घाबरून पावडरचे थर देत होते. डॉक्टरीणबाईंनी आधी पावडर बंद करायला लावली. म्हणाल्या घामाची छिद्रं बुजलीयत, मोकळी राहू देत. दिवसातून दोनदा साध्या पाण्यानं पुसून टिपून घ्यायचं, चोळायचं नाही, पातळ सुती झबलं, आणि दुपारी काही वेळ नुसतं उघडं वाऱ्यावर. चार दिवसांत उतरलं.

पण ते चार दिवस विसरत नाही. रात्री तिला मांडीवर घेऊन पुठ्ठ्यानं वारा घालत बसायचे. रात्रीही हवा गार होत नसे. आमच्या गावी सूर्य बुडाला की तासाभरात अंगण निवायचं, इथं मध्यरात्रीही भिंत कोमट लागायची. का होतं असं?

तिन्हीसांज
@वाळवण कोरडी हवा रात्री जमिनीची उष्णता वर आभाळात जाऊ देते. दमट हवेतली वाफ ती अडवून पुन्हा खाली पाठवते. पांघरूणच म्हणा ना. म्हणून दमट उन्हाळ्यात रात्रीची झोप जाते आणि माणूस दुसऱ्या दिवशी आधीच दमलेला उठतो. भाचीच्या अंधारीत झोपेचाही वाटा असेल.

कोरडवाहू
आहेच. विचारलं आत्ता, रोज चार तास झोपते म्हणाली. आणि खिडक्या बंद करून! आमच्या घरची सवय ती. दुपारी दारं-खिडक्या लावून, पडदे ओढून अंधारात बसायचं. कोरड्या उन्हात ते बरोबर, झळ आत येत नाही. इथं तेच केलं तर आपल्याच घामाची वाफ आपल्यालाच कोंडते. मीही पहिले कित्येक दिवस हेच करत होते. तिला सांगितलं, एसी बंद असेल तेव्हा समोरासमोरच्या खिडक्या उघड आणि पंखा अंगावर घे.

नवखा
एक प्रश्न. खोलीला कुबट वास येतो. आधी वाटलं माझेच बूट. बूट धुतले, वास आहेच. घर दाखवणाऱ्या माणसानं "बंद होतं म्हणून येतोय" सांगितलं होतं.

वाळवण
कपाट भिंतीला चिकटून आहे का? ओढून बघ मागे.

नवखा
ओढलं. मागे हातभर काळं आहे. बुरशी. घर दाखवताना कपाट का हलवू दिलं नाही ते आता कळलं. फार वाईट वाटलं. आता काय करू?

वाळवण
वाईट वाटून घेऊ नकोस बाळा, आम्हीही फसलोय असेच. आधी फोटो काढून घरमालकाला पाठव, म्हणजे नंतर तुझ्यावर येणार नाही. मग मास्क आणि हातमोजे घाल, खिडकी उघड. कोरडं खरवडू नकोस, उडते ती. साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून पूस, फडकं टाकून दे, आणि पंखा लावून भिंत खडखडीत वाळव. ब्लीच वापरलंस तर त्यात दुसरं काहीही मिसळू नकोस, विषारी वायू होतो. दमा असेल तर तू हात लावू नकोस, दुसऱ्या कुणाला तरी सांग.

भिंत आतूनच ओली असेल, वर पाइप गळत असेल, तर पुसून पुन्हा येणार. ते मालकानंच करायचं.

नवखा
दमा नाही. मित्र येतोय संध्याकाळी मदतीला. भिंत वरून कोरडी आहे, फक्त कपाटामागेच ओल आहे.

वाळवण
मग तिथं वारा पोचत नव्हता एवढंच. पुसून झालं की कपाट वीतभर पुढेच राहू दे. आत एक आर्द्रतामापक ठेव, छोटा मिळतो. ६० टक्क्यांच्या खाली राहील असं बघ. आणि ओले कपडे त्या खोलीत वाळत घालू नकोस.

नवखा
हो काकू. रात्री कळवतो.