शब्दचर्चा : बरगड्यांमधले स्नायू आणि ‘आंतर’

प्रश्न : शरीरशास्त्रावरील एका टिपणात ‘अंतर्गत आंतरपर्शुक स्नायू’ असे वाचले. ही द्विरुक्ती नव्हे काय?

उत्तर : द्विरुक्ती नाही, पण शब्द अवघड आहे हे मान्य करावे लागेल. ‘पर्शुका’ म्हणजे बरगडी. ‘आंतर’ येथे ‘दोहोंच्या मधला’ या अर्थाने आला आहे, जसा तो ‘आंतरपीक’ या शब्दात येतो. ‘अंतर्गत’ म्हणजे आतल्या बाजूचा. बरगड्यांच्या १२ जोड्या असल्यामुळे प्रत्येक बाजूस ११ फटी असतात आणि त्या फटींत हे स्नायू थरांनी बसलेले असतात, म्हणून बाहेरच्या व आतल्या थरांना निरनिराळी नावे देणे भाग पडते.

खरा घोटाळा पुढेच आहे. ‘बाह्य’ हे विशेषण वाचून तो थर श्वास बाहेर सोडण्याचा असावा, असा अनेकांचा ग्रह होतो. वस्तुस्थिती उलट आहे. बाहेरच्या थराचे तंतू तिरपे, खाली आणि पुढे उतरतात, आणि ते आखडले की बरगड्या बादलीच्या कडीसारख्या वर व बाजूला उचलल्या जाऊन छातीची पोकळी रुंदावते व हवा आत येते, अर्थात श्वास घेण्यातला मोठा वाटा श्वासपटलाचाच असतो. आतल्या थराचे तंतू खाली आणि मागे जातात. खोकताना किंवा जोराने फुंकर मारताना तो थर बरगड्या खाली ओढतो. (उरोस्थीलगतचा त्याचा भाग मात्र श्वास घेण्यासच मदत करतो.) शांतपणे बसलेल्या माणसाचा उच्छ्वास या स्नायूंवाचूनच होतो, कारण ताणलेली फुप्फुसे आपल्या लवचिकतेने मूळ आकारावर येतात. माझ्या मते सामान्य वाचकासाठी ‘बरगड्यांमधल्या स्नायूंचा बाहेरचा थर’ असे सरळ लिहावे.

पुरवणी प्रश्न : हिंदी पुस्तकात यांनाच ‘पेशी’ म्हटले आहे. ते चूक आहे काय?

उत्तर : चूक नाही. सुश्रुतसंहितेत ५०० पेशी आणि ९०० स्नायू मोजले आहेत, आणि तेथे पेशी म्हणजे मांसाचा पुंजका, तर स्नायू म्हणजे सांधे बांधणारे चिवट तंतू. हिंदीने ‘मांसपेशी’ हा अर्थ राखला. मराठीत ‘पेशी’ सजीवाच्या सूक्ष्म घटकाला मिळाल्यामुळे मांसाला ‘स्नायू’ म्हणण्याची रूढी पडली. बंगालीत तर ‘स्नायू’ म्हणजे मज्जातंतू, त्यामुळे त्या भाषेतून अनुवाद करणाऱ्याने येथे विशेष सावध राहावे.