हिरवा पट्टा आहे, पण मनगट सोडवता येत नाही: मुलीसाठी (आणि माझ्यासाठी) क्लास कसा निवडू?

कर्वेनगरी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

मुलगी ११ वर्षांची. दीड वर्ष झालं, घराजवळच्या एका कराटे क्लासला जाते. नाव लिहीत नाही, उगाच वाद नको. ठरावीक महिन्यांनी बेल्टची परीक्षा, दर परीक्षेला १२०० रुपये. पांढऱ्याचा पिवळा, पिवळ्याचा नारिंगी, नारिंगीचा हिरवा झाला. ड्रेस कडक इस्त्रीचा, 'ओस' (कराटेतला नमस्कार) खणखणीत. घरात सगळे खूश.

गणपतीत साताऱ्याहून भाचा आला होता, तेरा वर्षांचा. खेळता खेळता त्याने हिचं मनगट धरलं. "सोडव की, हिरवा पट्टा ना तुझा?" ही नुसती हात मागे ओढत राहिली. तो हसतोय, ही लाल. शेवटी रडू फुटलं तेव्हा त्याने सोडलं. रात्री मला म्हणाली, "बाबा, क्लासमध्ये माझं काही चुकत नाही. मग असं कसं झालं?" काय सांगणार, कप्पाळ!

नंतर दोन दिवस क्लासच्या दारात उभा राहून बघितलं. पाऊण तास रांगेत उभं राहून हवेत ठोसे, मग काता (ठरलेल्या हालचालींची साखळी), मग नमस्कार. एका तासात एकाही पोराने दुसऱ्याला हात लावला नाही.

दुसरं टोक म्हणजे माझा स्वतःचा अनुभव. वय ४२, गुडघे ऑफिसच्या खुर्चीत घडलेले. म्हटलं आपणही काहीतरी करावं, म्हणून बाणेरला एका जिममध्ये ट्रायल घेतली. दुसऱ्याच दिवशी ग्लोव्हज चढवून एका विशीतल्या पोरासमोर उभं केलं. नाकातून रक्त. घरी आल्यावर जे ऐकावं लागलं ते वेगळंच.

तर पाया पक्का करायचा म्हणजे नेमकं काय करायचं? किती दिवस नुसता सराव आणि कधीपासून समोर माणूस? दारात उभं राहून चांगला क्लास ओळखता येतो का?

शंकासुर

बेल्ट मुलीच्या कमरेला, गाठ तुमच्या पाकिटाला. ह. घ्या.

नाक बरं आहे ना आता?

उताणा

जुदो १४ वर्षं केलं, आता फक्त शनिवारी. जरा लांबण लावतो, माफ करा.

पाया म्हणजे आधी पडणं. आम्हाला पहिला दीड महिना सरांनी कुणाला फेकू दिलं नाही, नुसतं पाडलं. आधी बसून, मग उकिडवं, मग उभ्याने. हनुवटी छातीला, तोंड बंद, आणि पाठ टेकते त्याच क्षणी हाताने मॅटवर थाप. हात अंगापासून साधारण ४५ अंशांवर. त्याहून वर गेला की खांद्याला झटका बसतो. मागे पडताना तळहात टेकवून स्वतःला सावरायला गेलात की मनगट गेलंच म्हणून समजा. नवा माणूस हमखास तेच करतो, कारण अंगाला तेच सुचतं. ही सवय मोडून दुसरी लावायची, तर दीड महिना काही जास्त नाही.

चौदा वर्षांत रस्त्यावर कुणाला फेकायची वेळ एकदाही आली नाही. पडायची तीनदा आली. एकदा पावसात नदीपात्रातल्या रस्त्यावर गाडी घसरली, आणि पडून उठल्यावर लक्षात आलं की डोकं कुठेच आपटलं नाही. हनुवटी आपसूक आत गेली होती.

आता समोर माणूस कधी? माझ्या मते पहिल्या आठवड्यापासून, फक्त त्याचा विरोध मापात. कानो जिगोरोने १८८२ साली टोकियोतल्या एका देवळात १२ चटयांवर जुदो सुरू केलं, तेव्हा त्याची हुशारी इथेच होती. जुन्या जुजुत्सूतले (जपानी कुस्तीची जुनी विद्या) अंग निकामी करणारे प्रकार त्याने मोकळ्या सरावातून बाजूला काढले. जे उरलं ते 'मी पडणार नाही' म्हणणाऱ्या माणसावर रोज, पूर्ण जोर लावून करता येऊ लागलं. यालाच रांदोरी म्हणतात. डोळ्यात बोट घालायचा डाव कितीही जालीम असला तरी मित्रावर करून बघता येत नाही, म्हणून तो कधी अंगात मुरत नाही. साधा पायाचा डाव हजारदा फसतो, आणि फसून फसून बसतो.

बाणेरवाल्यांचं चुकलं ते मापात. स्पारिंग (सरावाची लढत) वाईट नाही, दुसऱ्या दिवशीचं मोकळं स्पारिंग वाईट.

आखाडा_उकरतो

उताणा यांच्याशी सहमत, पण आमच्याकडे वाट जरा वेगळी. मी शुक्रवार पेठेतला, चिंचेच्या तालमीवरून शाळेत जायचो. मी ज्या तालमीत घुमलो तिथे वस्तादांनी आधी फावडं हातात दिलं. रोज पहाटे आखाडा उकरायचा. ताक, तेल, हळद पडलेली ती माती, उचलताना कंबर आणि पोटऱ्या बोलायला लागतात. वाटायचं फुकटात हमाली करून घेतायत. पुढे पट काढायला (समोरच्याचे पाय धरून पाडायला) गेलो तेव्हा कळलं, वाकायचं तसंच आणि उचलायचंही तसंच. मग जोर, बैठका, आणि लगेच खडाखडी. मनगटं धरणं, मान दाबणं, हात झटकणं. डाव बोलून शिकवायचे कमी, जोड लावायचे जास्त. पण जोड लावताना डोळ्यात तेल घालून बघायचे. अंगाने भारी पोरगा आला की त्याला आधी सांगायचे, आज तू फक्त खाली राहून सुटायचं.

पाया पक्का असला म्हणजे सगळीकडे आपोआप चालतं असंही नाही हं. खाशाबा जाधव मातीतले, १९४८ ला लंडन ऑलिंपिकला मॅटवर उतरले आणि सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत कांस्य. मधल्या काळात मॅटची सवय करून घेतली. जिथे लढायचं तिथे सराव हवाच.

मुलीसाठी मात्र जुन्या तालमींत अजून बहुतेक पोरंच दिसतात. तिच्यासाठी मॅटवरची कुस्ती बघा.

काता_मावशी

मी २२ वर्षं कराटे शिकवते (कर्वेनगरात नाही, त्यामुळे तो क्लास माझा नाही!). कर्वेनगरी, तुमचा राग रास्त आहे, पण तो कातावर काढू नका.

आधी रांगेबद्दल. पिनान हे पाच काता ओकिनावाचे कराटे शिक्षक इतोसू यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओकिनावातल्या शाळकरी मुलांसाठी बांधले. त्यांचे शिष्य फुनाकोशी यांनी १९२२ ला टोकियोत कराटे दाखवलं, तिथेच राहिले, आणि पुढे या कातांना हेइआन म्हणू लागले. मैदानभर पोरं आणि शिकवणारा एक, म्हटल्यावर रांगा आल्याच. ती पीटीच्या तासाची सोय होती. सोय होती तिची पुढे पोथी झाली, ही आमच्या लोकांची चूक, मान्य.

आता गंमत सांगते. तुमचा क्लास शोतोकानचा (फुनाकोशींची कराटे शैली) असेल तर मुलीने पहिल्या परीक्षेलाच हेइआन शोदान केला असणार. त्यातली चौथी हालचाल तिला करून दाखवायला सांगा. उजवीकडे खालचा ब्लॉक झाल्यावर पुढचा पाय थोडा मागे येतो, हात गोल फिरून डोक्याजवळून मुठीच्या कडेने खाली येतो. ती काय आहे माहितीये? कुणीतरी मनगट धरलंय, ते सोडवायचं आणि त्याच मुठीने मारायचं. म्हणजे भाच्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पोरीने शेकडो वेळा हवेत गिरवलंय. तो प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता.

आता असं करा. तुम्ही तिचं मनगट धरा. आधी सैल. पकड कमकुवत कुठे असते? अंगठा आणि बोटं भेटतात तिथे. मनगटाची अरुंद कड त्या फटीकडे वळवायची. हात मागे ओढायचा नाही, उलट पाऊल पुढे टाकून कोपर तुमच्याकडे आणायचं. पाच वेळा सैल, मग घट्ट, मग तुम्ही तिला ओढत चाला, मग तिने डोळे मिटलेले असताना कुठलाही हात धरा. एखाद्या वेळी नाहीच सुटला तर तसं सांगा, खोटं खोटं सोडू नका. मुलांना लगेच कळतं.

तसंच दुसरा हात कमरेशी का ओढतो, हे तिला विचारा. 'सरांनी सांगितलं' असं उत्तर आलं तर क्लास बदला. तो हात रिकामा नसतो, समोरच्याचा हात किंवा बाही धरून ओढत असतो.

शंकासुर

दीड वर्ष फी भरून मिळालं नाही ते इथे फुकट मिळालं. संपादक, या मावशींना सांभाळा.

छिन्नी_हातोडा

विषयाला धरून एक. १९२० च्या दशकात मॉस्कोत निकोलाय बर्नस्टाइन यांनी कसलेल्या कामगारांच्या हातांवर छोटे दिवे लावून छिन्नीवर हातोडा मारतानाच्या हालचाली टिपल्या. घाव दर वेळी बरोबर जागेवर, पण खांदा, कोपर, मनगट दर वेळी थोड्या वेगळ्या वाटेने. म्हणजे मुरलेला माणूस एकच हालचाल घोटून पाठ करत नाही, तेच काम दर वेळी नव्याने जमवतो. सैल-घट्ट-ओढत-डोळे मिटून हे मावशींनी सांगितलेलं त्याच जातीचं.

एक धोक्याची सूचना. एकच गोष्ट सलग ५० वेळा केली की त्या दिवशी छान जमल्यासारखं वाटतं. दोन-तीन गोष्टी आलटून पालटून केल्या की त्या दिवशी गोंधळ दिसतो, पण पुढच्या आठवड्यात त्याच जास्त लक्षात राहिलेल्या असतात. बेल्टची परीक्षा पाठांतर तपासते, म्हणून क्लासवाल्यांना पहिला प्रकार सोयीचा.

उशिरा_सुचलं

कर्वेनगरी, तुमच्यासाठी लिहिते. मी ४३ व्या वर्षी बॉक्सिंग सुरू केलं, आता ४७. सर चांगले मिळाले. पहिले तीन महिने डोक्याला कुणी हात लावला नाही. दोरीवरच्या उड्या, चालणं (हो, बॉक्सिंगमध्ये चालायला शिकावं लागतं, पाय एकमेकांत न अडकवता), आणि ३ मिनिटांचे राउंड, मधे १ मिनिट विश्रांती. स्पारिंग सुरू झालं तेही विषय ठरवून. एकाने फक्त जॅब मारायचा, तोही खांद्यावर, दुसऱ्याने फक्त हुकवायचा. मारायची मुभाच नसल्यामुळे मला पहिल्यांदा मूठ येताना *दिसली*. त्याआधी माझे डोळेच मिटत होते.

गुडघ्यांचं: किकवाला प्रकार निवडलात तर गोल किक मारताना ज्या पायावर उभे आहात त्याची टाच समोरच्याकडे वळू द्या. टाच जमिनीला चिकटून राहिली आणि कंबर फिरली की सगळा पीळ गुडघ्यात जातो. पहिले काही महिने कमरेच्या वर किक मारू नका, कोण बघायला येतंय?

वाचतेय

वाचनखूण साठवली. माझा मुलगा तायक्वांदोला जातो, आज घरी गेल्यावर त्याला पहिला प्रश्न हाच, दुसरा हात कमरेशी का ओढतो?

कर्वेनगरी

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितोय.

मावशी, तुम्ही सांगितलं तसं त्याच रात्री केलं. चौथी हालचाल कर म्हटल्यावर तिने सवयीने हवेत केली, एकदम झोकात. मग मी मनगट धरलं आणि म्हटलं, आता तेच कर. ती दोन सेकंद माझ्या हाताकडे बघत राहिली. मग हात गोल फिरला, माझा अंगठा सुटला आणि तिची मूठ माझ्या कपाळावर. "अय्या, हे *ते* आहे?" तेव्हापासून घरात कुणाला सुखाने चहा पिता येत नाही, प्रत्येकाला मनगट धरायला लावते. आजीलासुद्धा.

दारात उभं राहून चार क्लास बघितले. फक्त शेवटची वीस मिनिटं बघायची असं ठरवलं होतं, कारण सुरुवातीचा वॉर्मअप सगळीकडे सारखाच. एका ठिकाणी शेवटी रांग आणि घोषणा. एका ठिकाणी सर मोबाईलवर. तिसऱ्या ठिकाणी खेळ जोरात, पण एक पोरगा तीनदा हातावर पडला आणि कुणी टोकलं नाही. चौथा जुदोचा. तिथे एका जाडजूड मुलाला सर म्हणाले, "तू आज डाव्या बाजूनेच," आणि समोरच्या बारक्या मुलीला सगळं मोकळं. आखाडावाले, तुमचे वस्तादच आठवले. बेल्टच्या परीक्षेचं विचारलं तर म्हणाले, "होईल तेव्हा होईल. सध्या पडू दे." तिथे नाव घातलं, दोघांचंही. कराटेही सोडत नाही म्हणते, काता आवडतो तिला. जुन्या सरांना तिने चौथ्या हालचालीचं विचारलं, ते म्हणाले पुढच्या बेल्टला सांगू.

माझं अजून मागे पडणंच चालू आहे. मान दुखते.

आता शेवटचा प्रश्न: जुदोचा ड्रेस नेमक्या मापाचा घेऊ की मोठा?

उताणा

मान दुखतेय म्हणजे हनुवटी आत ठेवताय, दोन आठवड्यांत थांबेल. ड्रेस सुती असेल तर एक माप मोठा घ्या, पहिल्या दोन धुण्यांत आटतो. आणि गरम पाण्यात अजिबात टाकू नका, माझ्या पहिल्या ड्रेसच्या बाह्या कोपरापर्यंत आल्या होत्या.