ओशाळवाणे क्षण: नेमकं कुठे घसरतं आणि तिथल्या तिथे कसं सावरायचं

सांत्वनाला गेल्यावर तोंडातून "कसं काय, बरं ना?" निघून जातं. कुणाच्या बायकोला त्याची आई समजून वाकून नमस्कार केला जातो. पुढे वर्षं लोटतात, समोरचा माणूस कदाचित विसरूनही गेलेला असतो, पण रात्री अंथरुणावर पडलं की ते आठवतं आणि कानशिलं तापतात. असे किस्से प्रत्येकाच्या गाठीशी आहेत, त्यामुळे इथे किस्से नकोत. समारंभ, पत्रिका, लोकांची नावं यांच्याशी ज्यांचा रोजचा संबंध येतो त्यांनी लिहावं. चूक कुठल्या जागी होते, का होते, आणि झालीच तर पुढच्या मिनिटाला काय करायचं?

लग्नपत्रिकांच्या छपाईतून

सगळ्यात जिव्हारी लागते ती 'कै.'ची चूक. हयात आजोबांच्या नावाआधी 'कै.' छापलं जातं, किंवा दोन वर्षांपूर्वी गेलेल्या आजींचं नाव निमंत्रकांत तसंच राहतं. कारण ठरलेलं आहे. थोरल्या मुलाच्या लग्नाची जुनी फाइल उघडायची, वर-वधूची नावं, तारीख, कार्यालय बदलायचं आणि खालची नावांची रांग तशीच सोडायची. म्हणून जुन्या फाइलवर काम करू नका. घरातल्या सगळ्या नावांचा वेगळा कागद करा, प्रत्येक नावाआधी काय लावायचं ते हाताने लिहा आणि दोन्हीकडच्या एकेका वडीलधाऱ्या माणसाची त्यावर सही घ्या.

दुसरी जागा 'सौ.' आणि 'श्रीमती'ची. सरकारी कागदावर कुठल्याही बाईला श्रीमती लिहितात, पण घरगुती पत्रिकेत अजूनही कितीतरी लोक त्याचा अर्थ पती हयात नाही असाच घेतात. खात्री नसेल तर नुसतं नाव छापा. त्याने कुणी दुखावत नाही.

तिसरी तांत्रिक. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइल-संगणकाच्या आजच्या अक्षरपद्धतीत असतो. बऱ्याच प्रेसमध्ये जुने फॉन्ट चालतात, तिथे मजकूर बदलून घेताना रफार आणि जोडाक्षरं हलतात. कुलकर्णी, धर्माधिकारी, सूर्यवंशी ही आडनावं प्रुफात बोट ठेवून वाचा. तारीख आणि वार कॅलेंडर समोर ठेवून जुळवा. शेवटचं प्रूफ अशा माणसाला द्या ज्याने आधीची प्रुफं पाहिलेली नाहीत. घरच्यांचे डोळे तिथे काय असायला हवं तेच वाचतात.

सूत्रसंचालन करणाऱ्यांकडून

सत्काराच्या यादीतून एक नाव सुटतं आणि तो माणूस पहिल्या रांगेत हार-तुऱ्यांना टाळ्या वाजवत बसलेला असतो. आयोजक शेवटच्या क्षणापर्यंत तोंडी नावं वाढवत राहतात, तिथे हे होतं. यादी एका कागदावर ठेवूच नये. प्रत्येक सत्कारमूर्तीची वेगळी चिठ्ठी करावी: पूर्ण नाव, पद किंवा काम, कोणाच्या हस्ते. नाव पुकारलं की चिठ्ठी खाली ठेवायची. वाढीव नाव आलं तर नवी चिठ्ठी. शाल आणि नारळ यादीपेक्षा दोन जास्त मागवून ठेवावेत.

तरीही सुटलंच तर माइकवरून "एक नाव अनवधानाने राहून गेलं" म्हणू नका, त्याने ती उणीव सभागृहभर पोचते. जणू हेच त्यांचं स्थान होतं अशा सुरात पुढचं नाव म्हणून पुकारा. माफी नंतर, खाली उतरून, त्यांच्याजवळ जाऊन मागा. सत्कार मात्र व्यासपीठावरच व्हायला हवा, मागच्या खोलीत शाल हातात देणं म्हणजे अपमान दुप्पट.

कॉलर माइकबद्दलही सांगायला हवं. कपड्याला क्लिपने लावलेला असतो तो नुसता छोटा माइक, आवाज पुढे पाठवणारी डबी म्हणजे ट्रान्समीटर कमरेला असतो. भाषण संपवून पाहुणे खाली उतरतात, शेजाऱ्याशी कुजबुजतात आणि ती कुजबुज स्पीकरवर येते. पाहुण्यांनी बटण बंद करावं अशी अपेक्षा ठेवू नका. साउंड मिक्सरवर (आवाज कमी-जास्त करायच्या यंत्रावर) बसलेल्याला आधीच सांगा: ते पोडियम सोडतील तेव्हा त्यांचा आवाज तूच खाली घे.

नावं विसरण्याबद्दल, महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवणाऱ्यांकडून

चेहरा आठवतो, कुठल्या ऑफिसात होते ते आठवतं, नाव तेवढं आठवत नाही. हा विसरभोळेपणा नव्हे. व्यवसायाला अर्थ असतो, त्याला जोडून इतर आठवणी येतात. नावाला तसा आधार नसतो. तोच शब्द व्यवसाय म्हणून सांगितला तर लक्षात राहतो आणि आडनाव म्हणून सांगितला तर निसटतो, हे १९८७ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी प्रयोगाने दाखवलं होतं.

अडचण येते ती दोघांची ओळख करून देताना. तिथे अंदाजाने नाव घेऊ नका, नातं तर मुळीच जोडू नका. "ही तुमची मुलगी का?" यापेक्षा "ओळख करून द्या ना" बरं. शब्द तयार ठेवा: "चेहरा अगदी ओळखीचा आहे, नाव सांगा पुन्हा." पहिल्या मिनिटात विचारलेलं खटकत नाही. अर्धा तास गप्पा मारून निघताना विचारलेलं खटकतं.

हे क्षण आपल्याला मोठे का वाटतात यावर कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांचं काम २००० साली प्रसिद्ध झालं. दर वेळी एका विद्यार्थ्याला बॅरी मॅनिलो या गायकाचं चित्र असलेला टी-शर्ट घालून इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवलं. तो टी-शर्ट घालणं त्या मुलांना लाजिरवाणं वाटत होतं. किती जणांना चित्रातला माणूस ओळखता येईल? घालणाऱ्यांचा अंदाज होता जवळपास निम्म्यांना. प्रत्यक्षात सुमारे पाव जणांनाच तो सांगता आला.

हळदीकुंकवाबद्दल, महिला मंडळातून

वरचं सगळं नकळत होणारं आहे. हळदीकुंकवातली चूक मात्र शिकवलेली आहे. तबक घेऊन एकेकीसमोर जायचं, एखादीपाशी हात थबकतो, नजर तिच्या गळ्याकडे जाते आणि तबक पुढे सरकतं. दोन सेकंदांचा खेळ, पण जिच्यासमोर हात थांबला तिला तो जन्मभर पुरतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. गावाने ठराव करावा आणि आपल्या सोसायटीत तबक थबकावं, हे पटत नाही.

करायला सोपं आहे. निमंत्रण देताना "तिळगूळ घ्यायला या" म्हणा आणि मजल्यावरच्या प्रत्येक घरी म्हणा. आल्यावर अत्तर, गुलाबपाणी, तिळगूळ, वाण हा क्रम सगळ्यांना एकच. हळदीकुंकवाचं तबक प्रत्येकीसमोर सारखंच धरा, लावून घ्यायचं की नाही ते ती ठरवेल. मंगळसूत्रावरून काही ठरवू नका, रोज न घालणाऱ्या कितीतरी जणी आहेत. वाण थोडी जास्त आणा. कुणाची जाऊ, कुणाची पाहुणी ऐनवेळी बरोबर येतेच आणि वाण कमी पडलं की नेमकी तीच रिकाम्या हाताने उभी राहते.

सांत्वनाच्या भेटीबद्दल, अंत्यविधीच्या कामात मदत करणाऱ्यांकडून

इथे चूक होते ती जिभेच्या सवयीने. दार उघडताच "काय म्हणता?", निघताना "चला, येतो". एरवी 'जातो' म्हणू नये अशी आपली शिकवण, पण या घरातून उठताना 'येतो'ही म्हणत नाहीत, आणि घरचेही "या पुन्हा" म्हणत नाहीत. नुसता नमस्कार करून निघायचं. म्हणून दोन्ही टोकं दाराबाहेरच पक्की करा. आत गेल्यावरचं पहिलं वाक्य: "काकांचं कळलं, फार वाईट झालं." एवढंच. फोन जिन्यातच सायलेंट करा.

"कसं झालं?" हा प्रश्न आपण विचारू नये. घरच्यांनी ते सकाळपासून प्रत्येक येणाऱ्याला सांगितलेलं असतं. सांगावंसं वाटलं तर ते स्वतः सांगतात. "वय झालं होतं, सुटले" हे वाक्य फक्त घरच्यांनी म्हणायचं असतं, आपण नाही. पंधरा-वीस मिनिटं पुरे. चहा विचारला तर नको म्हणा. त्या दिवसांत बऱ्याच घरी चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भाकरी आणून देतात. जवळचं घर असेल तर डबा न विचारता न्यावा आणि डब्यावर आपलं नाव चिकटवावं, म्हणजे परत देताना कुणाचा ते शोधत बसावं लागत नाही.

चुकीचा शब्द निघालाच तर खुलासा करू नका. "म्हणजे मला तसं म्हणायचं नव्हतं" सुरू केलंत की त्या घरच्या माणसालाच तुमची समजूत काढावी लागते. गप्प व्हा, हात हातात घ्या, बसा.

सोसायटीचा ग्रुप सांभाळणाऱ्यांकडून, वरच्या प्रतिसादाला जोडून

निधनाच्या मेसेजवर हसरा चेहरा पडतो, तो बहुतेक वेळा अजाणता. मेसेज दाबून धरला की अंगठा, बदाम, हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा, चकित चेहरा, रडका चेहरा आणि जोडलेले हात अशी रांग येते. छोट्या पडद्यावर यातलं तिसरं चित्र, हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा, रडणारं वाटतं, विशेषतः ज्येष्ठांना. तोच चेहरा पुन्हा दाबला की तो निघतो. घरातल्या मोठ्यांना एकदा शेजारी बसून दाखवा: अशा वेळी शेवटचं चित्र, जोडलेले हात.

चुकीच्या ग्रुपवर मेसेज गेला तर 'सगळ्यांसाठी डिलीट' दोन दिवसांहून थोडं अधिक काळ चालतं, मात्र डिलीट केल्याची ओळ तिथे राहते. घाईत 'फक्त माझ्यासाठी' दाबलं गेलं तर मेसेज आपल्यालाच दिसेनासा होतो, इतरांना दिसत राहतो. तेव्हा खाली पाच सेकंद 'अनडू' येतं, ते लगेच दाबा. शब्दच चुकला असेल तर १५ मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो.

पुन्हा छपाईतून

कुणी विचारलंय, पत्रिका वाटून झाल्यावर 'कै.' लक्षात आलं तर? पेनाने खोडू नका, वर स्टिकरही नको. जेवढ्या घरांना ते नाव जवळचं आहे तेवढ्याच प्रती डिजिटल छपाईवर पुन्हा काढून घ्या, कमी प्रतींचं काम बहुधा त्याच दिवशी होतं. ज्यांचं नाव चुकलं त्यांच्याकडे कुरिअर करू नका. लग्नघरातल्या मोठ्या माणसाने नवी पत्रिका आणि अक्षता घेऊन स्वतः जावं आणि जुनी प्रत मागून परत आणावी.