मदत हवी आहे: मी ग्रुपवर टाकलेल्या लिंकमध्ये माझाच मोबाइल नंबर दिसतोय

नमस्कार मंडळी,

सोमवारी एका संस्थेकडून मधमाशीपालनाच्या शिबिराचा ईमेल आला. त्यातल्या ‘नोंदणी करा’ बटणावर बोट दाबून धरलं, लिंक कॉपी केली आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. ग्रुपमध्ये १४० जण, निम्म्यांना मी ओळखतही नाही. आज शुक्रवारी शेजारच्या वहिनींनी स्क्रीनशॉट पाठवला: “ताई, हा फॉर्म तुमच्या नावानं उघडतोय.” नाव, ईमेल, मोबाइल नंबर सगळं आधीच भरलेलं, खाली ‘बदल जतन करा’चं बटण. पोटात गोळाच आला.

मेसेज काढायला गेले तर ‘सर्वांसाठी डिलीट’ येतच नाही. लिंक नीट पाहिली तर प्रश्नचिन्हापुढे अक्षरं-आकड्यांची दीड ओळ आहे. ती माझीच खूण असणार ना?

आता काय करू? आणि पुढच्या वेळी लिंकचा कुठला भाग कापायचा? यूट्यूबच्या लिंकवर प्रश्नचिन्हापासून पुढचं सगळं कापून पाहिलं, तर व्हिडिओच उघडेना. फोन ॲन्ड्रॉइड आहे.

प्रतिसाद १
ताई, स्वतःचा मेसेज सगळ्यांसाठी काढायला व्हॉट्सॲप साधारण अडीच दिवस देतं, ते उलटून गेले. पण ग्रुप ॲडमिनला तो काढता येऊ शकतो, त्यांना लगेच फोन करा. मात्र ज्यांनी लिंक आधीच कॉपी केली असेल त्यांच्याकडे ती चालूच राहील. म्हणून संस्थेला कळवून ती लिंकच बंद करायला सांगा.

यूट्यूबचं म्हणाल तर लांब लिंकमधलं ‘व्ही’ आणि त्यापुढची अक्षरं म्हणजे व्हिडिओचा पत्ता, ती ठेवायची. ‘एसआय’पासूनचा तुकडा शेअर करताना चिकटतो, तो बिनधास्त काढा. ‘यूटीएम’ने सुरू होणारे आणि फेसबुकचा ‘एफबीसीएलआयडी’ हे लिंकवर कोण कुठून आलं याचा माग ठेवणारे तुकडे, तेही काढले तरी पान उघडतं.

प्रतिसाद २
ईमेलमधल्या बटणाची लिंक मुळात पुढे पाठवूच नये. कित्येकदा खूण प्रश्नचिन्हाच्या आधी, तिरप्या रेघांच्या मध्ये असते, तिथे कापाकापी चालत नाही. संस्थेच्या साइटवर जाऊन शिबिराचं पान शोधा आणि तिथली लिंक द्या. पाठवण्याआधी ती इन्कॉग्निटोमध्ये (ब्राउझरची खासगी खिडकी, तिथे तुमचं लॉगिन नसतं) उघडून बघा. तिथेही तुमचं नाव दिसलं तर सगळ्यांनाच दिसणार. नाव दिसलं नाही म्हणजे लिंकमध्ये खूण नाहीच असंही नाही, पण तुमच्यासारखा आधीच भरलेला फॉर्म तरी लगेच पकडला जातो. कॉम्प्युटरवर फायरफॉक्स ब्राउझर असेल तर राइट क्लिकच्या यादीत खुणा काढून लिंक कॉपी करायची सोय २०२३पासून आहे, पण ओळखीच्या खुणाच ते काढतं.

धागाकर्ती
दोघांचेही खूप आभार. इन्कॉग्निटोमध्ये माझी लिंक उघडली, नंबरासकट सगळं समोर! साइटवरून घेतलेल्या लिंकचा फॉर्म कोरा आला. ॲडमिन काकांनी आत्ताच जुना मेसेज काढला. संस्थेला ईमेल केलाय, उत्तर आलं की इथेच लिहिते.